आग्रहकरी आणि तीन गिनिपिग

काही माणसं भुकेल्याच्या पोटासाठी वाढत नाहीत, स्वतःच्या कौतुकासाठी वाढतात. आणि समोरच्याने ताट बाजूला सारलं, की त्यालाच हट्टी ठरवून मोकळी होतात. नाव कुणाचं घेत नाही. ज्याला लागायचं त्याला लागेल.

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा डोंगराआड एक राज्य होतं, आणि ते आग्रहासाठी दूरवर ओळखलं जाई. पाहुण्याने तीनदा 'नको' म्हणायचं आणि यजमानाने चौथ्यांदा वाढायचं, अशी तिथली रीत. पहिल्याच वेळी 'हो' म्हणणारा पाहुणा हावरट ठरे, आणि तिसऱ्या 'नको'ला थांबणारा यजमान कंजूष. शिवाय पाहुणा जेवल्याखेरीज यजमानाने अन्नाला शिवायचं नाही, असाही नियम होता.

राजवाड्यात या कामासाठी खास माणूस नेमलेला होता. त्याला आग्रहकरी म्हणत. त्या वेळचे आग्रहकरी होते अंताजीपंत. डोक्यावर जरीची पगडी, हातात तुपाची झारी आणि जिभेवर शंभर शपथा. उपवास धरलेल्या एका साधूला त्यांनी एकदा अकरा पुरणपोळ्या खाऊ घातल्या होत्या. तो साधू पुन्हा त्या राज्याच्या वाटेला फिरकला नाही, पण गोष्टीचा तेवढा भाग पंत सांगत नसत.

एके दिवशी समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्याने राजकन्येला तीन प्राणी भेट दिले. उंदराहून मोठे, सशाहून लहान, आणि शेपटी नाहीच. यांना गिनिपिग म्हणतात, एवढं सांगून तो निघून गेला. सात वर्षांच्या राजकन्येने त्यांची नावं ठेवली. जो गोल होता तो लाडोबा, जी पांढरी होती ती बर्फी, आणि जिच्या अंगावर केसांचे भोवरेच भोवरे होते ती चकली.

मग काय, अख्खा राजवाडा त्यांच्या तोंडात काही ना काही घालू लागला. कुणी बत्तासा, कुणी शंकरपाळा, कुणी साखरफुटाणे. डबा वाजला, की तिघं 'वीक वीक' करून महाल डोक्यावर घेत. समोरच्या हिरव्या पाल्याला मात्र ते तोंड लावीनात. गोड मिळत असताना पाला कोण खाणार?

महिन्याभरात लाडोबाचे केस गळू लागले. बर्फीच्या हिरड्यांतून रक्त आलं. चकली तर लंगडत चालू लागली. वैद्यबुवांनी तिघांना उलटंसुलटं करून तपासलं आणि सांगितलं की औषध काही नाही, ताजी भाजी हेच औषध. गोड आजपासून बंद. कोथिंबीर, गाजर, काकडी, काहीही चालेल, पण ते आठ दिवसांत पोटात गेलं पाहिजे.

"आणि नाही गेलं तर?" राजाने विचारलं.

"तर नवव्या दिवशी मला बोलावू नका," वैद्यबुवा म्हणाले.

राजाने पंतांकडे पाहिलं. पंतांनी पगडी सारखी केली. "महाराज, साधूने खाल्लं. यांची काय कथा?"

पहिल्या दिवशी पिंजऱ्यापुढे रांगोळी आली, उदबत्ती आली, चांदीच्या ताटात नाजूक कापलेली काकडी आली. पंत मांडी घालून बसले आणि मागे बारा वाढपी अदबीने उभे राहिले. पंतांनी कोथिंबिरीची काडी पुढे केली. माझ्या गळ्याची शपथ, एकच पान. तिघंही पिंजऱ्यातल्या वाळलेल्या गवताच्या ढिगात घुसले. पंत खूश झाले. हा पहिला 'नको' होता. रीतच होती ती.

पण दुसरा 'नको' झाला, तिसरा झाला, दहावा झाला. पंतांनी काकडीला दाण्याचं कूट लावून पाहिलं. पालकावर तुपाची धार सोडली. चौथ्या दिवशी कोथिंबिरीला हिंगाची फोडणी दिली, तेव्हा लाडोबाला इतक्या शिंका आल्या की पुन्हा वैद्यबुवांना बोलवावं लागलं. पाचव्या दिवशी भूक चाळवावी म्हणून ताशेवाले आणले. त्यानंतर गवताच्या ढिगातून कुणाचं नाकसुद्धा बाहेर दिसेना.

पंत मात्र हटेनात. हे प्राणी फार मानी आहेत, यांना आग्रह कमी पडतोय, असं ते ज्याला त्याला सांगत होते. आणि पाहुणे जेवले नाहीत म्हणून स्वतः नुसत्या पाण्यावर होते.

सातव्या दिवशी राजकन्या आली. तिने गवत बाजूला करून चकलीला अलगद उचललं आणि पंतांच्या ओंजळीत ठेवलं.

"पंतकाका, ही मरणार का हो?"

पंतांच्या हातात कापसाएवढं ओझं होतं. त्या कापसात काळीज मात्र असं धडधडत होतं, की पंतांच्या बोटांना धक्के बसत होते. त्यांनी तोंड जवळ नेलं, "बाळा, एक घास," असं म्हणायला. धडधड वाढली. ते गप्प झाले आणि मान वळवून खिडकीकडे पाहू लागले. धडधड हळूहळू उतरली.

पंतांनी पुन्हा चकलीकडे पाहिलं. पुन्हा धडधड.

उभ्या आयुष्यात पहिल्यांदा पंतांना 'नको' ऐकू आलं.

त्यांनी चकलीला गवतात ठेवलं. पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं. राजकन्येला बाहेर खेळायला पाठवलं. वाढपी, ताशेवाले, उदबत्ती, सगळ्यांना रजा दिली. माळीण नुकतीच भाजीची पाटी ठेवून गेली होती. मातीचा वास असलेली मूठभर गाजरं त्यांनी पाल्यासकट गवताशेजारी टाकली आणि पिंजऱ्याकडे पाठ करून बसले. पगडी काढून मांडीवर घेतली. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

भर दुपार होती आणि सात दिवसांचा उपास होता. पाटी हाताशी होती. पंतांनी इकडेतिकडे पाहिलं, एक गाजर उचललं आणि रीत मोडून कचकन चावलं.

कुरुम, कुरुम.

ते थांबले. आवाज थांबला नाही.

मागे कुणीतरी खात होतं. मग आणखी कुणीतरी. पंतांच्या जिभेवर "अजून एक घ्या" हे शब्द येऊन उभे राहिले. साधूला अकरा पोळ्या वाढणं सोपं होतं. हे तीन शब्द गिळणं फार अवघड. त्यांनी घाईघाईने दुसरं गाजर तोंडात कोंबलं आणि डोळे मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते गाजरामुळे होतं असं पंत पुढे सांगत.

तास गेला. पंतांनी मागे पाहिलं. गाजराचा पाला संपला होता, आणि लाडोबाच्या मिशीला एक हिरवी काडी चिकटली होती.

त्यानंतर पंत रोज तेच करू लागले. भाजी ठेवायची, पाठ करायची, आपलं जेवण आपण जेवायचं. नवव्या दिवशी वैद्यबुवा न बोलावता आले आणि बघून हसत परत गेले. पंधरा दिवसांत बर्फीच्या हिरड्या भरल्या. महिन्याने चकली उड्या मारू लागली.

राजा इतका खूश झाला, की त्याने सगळ्या राज्यातच आग्रह बंद केला आणि मोठी पंगत घातली. पंतांनी प्रत्येकाला एकेकदा विचारलं. लोकांनी सवयीने 'नको' म्हटलं. पंत मान डोलवून पुढे गेले. त्या दिवशी अर्धं राज्य जिलबीकडे बघत बघत उपाशी घरी गेलं. त्यात वैद्यबुवाही होते.

बोध एवढाच: आग्रहाने ताट भरतं, पोट भरायला स्वतःची भूक लागते.

पुढच्या पंगतीत पंत जिलबीचं ताट घेऊन आले, तेव्हा वैद्यबुवांचा हात सवयीने आडवा झाला, मग सावकाश उताणा झाला. ते म्हणाले, "वाढा पंत. तुमच्या राज्यात आता 'नको' म्हणायचं तर विचार करून म्हणावं लागतं."