अनशीचा गडगा

तुम्ही ज्याला टेकून उभे आहात तो अनशीचा गडगा. नुसते दगडावर दगड रचून केलेली कंबरभर उंचीची भिंत. मातीचा लपका नाही, चुन्याचा थेंब नाही, तरी इतक्या पावसाळ्यांत तो ढासळलेला नाही, कारण दरसाल त्याची डागडुजी होते. पलीकडे देवराई, अलीकडे पाणथरवाडी. गडगा खालून सरळ येतो आणि त्या शेवटच्या घरापाशी मुद्दाम राईत शिरून वळसा घेतो, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. ते घर अलीकडे राहावे म्हणून तो वळसा आहे. त्या घरासाठी एक बाई प्रत्यक्ष राखणदाराशी, म्हणजे राई आणि वाडी राखणाऱ्या देवाशी, भांडली, असे सांगतात.

अनशी म्हणजे अनसूया. नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू, आणि दाराशी कोंबड्यांचे खुराडे. घराच्या भिंती तिने स्वतः तुडवलेल्या मातीच्या होत्या. परसात पडवळ, दोडकी, चार केळी. माहेर बुडालेले, दुसरे घर नाही, आणि सासूला उचलून न्यायचे म्हटले तरी कुठे, हा प्रश्नच होता.

त्या काळी वाडीवर दोन वर्षे तापाची साथ होती म्हणे. साथीच्या आधीच्या पावसात राईतले वारूळ वाहून गेले आणि वारुळात नागरूपाने राहणारा राखणदार रुसून निघून गेला, म्हणून हे भोग आले, असे सगळ्यांचे म्हणणे. तो परत कसा यावा याच विवंचनेत माणसे होती. अशात श्रावणाच्या तोंडावर अनशीच्या खुराड्यात जनावर आले. आमच्याकडे सापाला साप म्हणत नाहीत, जनावर म्हणतात. चांगला हातभर उंच फणा काढणारा नाग होता. पहिल्या दिवशी अंडी गेली, दुसऱ्या दिवशी तीन पिले, आणि तिसऱ्या दिवशी तो खुराड्याच्या पायातल्या दगडांत वेटोळे घालून राहिलाच.

अनशीने काठी उचलली होती. पण तेवढ्यात बातमी तातू गावकराच्या कानावर गेली. तातू वाडीचा मानकरी. माणूस वाईट नव्हता, उगीच कोणी त्याला शिव्या घालू नयेत. त्याच्या स्वतःच्या घरातली दोन माणसे तापाने गेली होती. त्याने देवळात कौल लावला. गुरवाने पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या आणि विचारले, खुराड्यात आला तो राखणदारच काय? उजवी कळी पडली. म्हणजे होय. सारी वाडी हरखली. तातूने तिथल्या तिथे ठरवून टाकले, की नागपंचमीच्या सकाळी अनशीच्या घराच्या जागी राखणदाराचे ठाणे मांडायचे, म्हणजे त्याच्या पूजेचा दगड बसवायचा, आणि त्याआधी तिने घर मोकळे करायचे. तिला राहायला खाली गोठ्यातला कोपरा मिळेल, असेही त्याने मोठ्या मनाने सांगितले.

अनशीने ऐकून घेतले आणि एकच गोष्ट विचारली. तो राखणदार आहे का, एवढेच तुम्ही देवाला विचारलेत. त्याला माझे घर हवे आहे का, हे विचारलेत का? गुरव तातूकडे बघायला लागला, तातू पाषाणाकडे. विचारायचे राहूनच गेले होते. पण एका कामासाठी दोनदा कौल लावायचा नाही अशी रीत, तेव्हा चूक झाली हे कळूनही कोणी मागे फिरेना. अनशी म्हणाली, मग मी त्यालाच विचारते.

पंचमीला आठ दिवस होते. हा इथे आला तो काय माझ्यावर जीव जडला म्हणून नव्हे, हे अनशीला पक्के माहीत होते. खुराड्याशेजारी कोंड्याचा ढीग होता, कोंड्याला उंदीर होते, आत अंडी होती, पिले होती. अशा भरल्या घरी कोण राहणार नाही? तिने कोंडा उपसून लांब नेला. भोवतालचा पाचोळा झाडून लख्ख केला, लाकडांची रास हलवली, पडवळीचा वेल वर बांधला. कोंबड्या आत चुलीपाशी टोपल्यांखाली झाकल्या. परसातली उंदरांची बिळे पाणी ओतून बुजवली. घरभर कोंबड्यांची घाण झाली, सासूच्या उशाशी कोंबडा आरवू लागला, पण म्हातारीने चकार शब्द काढला नाही. उलट येणाऱ्याजाणाऱ्याला ती पडल्या पडल्या ऐकवायची, "माका हयसून हलवूक कोणाची छाती हा, ता बघतंय."

वाडी मात्र बिथरली. बायकांनी दुधाच्या वाट्या आणल्या, अनशीने त्या दारातून परत पाठवल्या. शेवटी तातू स्वतः आला.

"देवाक उपाशी ठेवतंस, अनशे?"

"निवद मागून घेतत, गावकरांनू. चोरून नाय."

 पंचमीला बघू, एवढे बोलून तो गेला.

पंचमीची सकाळ उजाडली. तातू, गुरव, सगळी वाडी ठाण्याचा दगड घेऊन अंगणात जमली. अनशी खुराड्याच्या तोंडाशी उभी होती, दोन्ही काखांत एकेक कोंबडी घट्ट धरून.  आत आठ दिवसांचा उपाशी नाग होता. ती खुराड्यात वाकून बोलली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली.

"राखणदार आसशीत तर राखण कर. चोरून खाणारो राखणदार मी बघूक नाय. माझ्या काखेतला माझां हा. रान तुझां हा."

नाग बाहेर आला. त्याने फणा काढला, अनशीच्या गुडघ्याएवढा उभा राहिला. कोंबड्या फडफडल्या, तिने त्या सोडल्या नाहीत आणि पाऊलही मागे घेतले नाही.  मग नागाने फणा मिटला, तिच्या दोन्ही पावलांवरून तो सरपटत गेला आणि परस ओलांडून थेट राईत शिरला. भुकेने गेला असे कोणी म्हणतात, शब्दाला जागला असे कोणी म्हणतात. आमच्याकडे दोन्ही म्हणणारे एकाच पंगतीला बसतात.

अंगणातली सारी माणसे हात जोडून खाली वाकली होती. तातू हलक्या आवाजात म्हणाला, "हात तरी जोड गे, अनशे."

"हात मोकळे नाय माझे."

आणि मग ती त्याच्याकडे वळली. आठ दिवस तिने रडू धरून ठेवले होते, ते आता गालांवरून वाहत होते, पण आवाज कापला नाही.

"ह्यां घर माझां. होय म्हणा, गावकरांनू."

 तातूने बरोबर आणलेल्या ठाण्याच्या दगडाकडे पाहिले, राईकडे पाहिले, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "होय." तोच दगड त्याने स्वतः उचलून राईच्या कडेला नेऊन ठेवला. गडग्याचा तो पहिला दगड.

आजही पंचमीला आमच्या वाडीत दूध-लाह्या नाहीत. बायका काखेत कोंबडी घेऊन गडग्याशी येतात, पडलेले दगड लावतात आणि हात न जोडता राईकडे बघून उभ्या राहतात. त्या-त्या वर्षी वाडीत लग्न होऊन आलेल्या सुनेने पुढे व्हायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "ह्यां घर माझां." सासरे, दीर, नवरा, सगळे ऐकत असतात. तातू गावकराच्या घरातला कर्ता पुरुष गडग्यापलीकडे, राखणदाराच्या बाजूला, उभा असतो, आणि सून त्याच्याच घरात आलेली असली तरी त्याला होय म्हणावेच लागते.