उलट्या पावलांची ठकू

कोंडसरच्या घाटात एसटी चढत नाही म्हणून तुम्ही कुरकुरता, पण मी सांगतोय तेव्हा तर बैलगाडीचाही रस्ता नव्हता. खाली शहर, वर गाव, आणि मधे मुक्कामावर मुक्काम करत तुडवायची पायवाट. फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, तेव्हा चुळबुळ नको. तुमच्या-माझ्या वाटणीची सगळी चुळबुळ ठकू कधीच करून गेली आहे.

ठकूच्या पायाला भिंगरी होती. भाकरी थापतानाही तिचा एक पाय उंबऱ्याबाहेर असे, असं म्हणतात. आईबाप लवकर गेले. पाठचा भाऊ भिवा, त्याला तिनंच लहानाचा मोठा केला. मिसरूड फुटल्यावर तो शहरात हमालीला गेला. भाऊबिजेला नक्की येतो म्हणाला. पण ती भाऊबीज गेली, पुढचीही गेली, आणि ठकूचं ओवाळणीचं ताट तसंच राहिलं.

त्या काळी शहरात गेलेलं कोंडसरचं माणूस परत येतच नसे. शहर माणसं गिळतं, असं म्हणून गाव गप्प बसे. ठकूला काही गप्प बसवेना. मिठाचे बैल घेऊन आलेल्या एका लमाणाला तिनं गाठून विचारलं. तो म्हणाला, अगं बाई, तुमची माणसं तर दर दिवाळीला गावाकडे निघतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग ती जातात कुठं? ठकूच्या जिवाला नुसता घोर लागला. ती उठली आणि भावाला हाका मारत घाटात शिरली. खिंडीपलीकडे बरीच लांब गेली, आणि परत वळली तर काय, वाट ओळखूच येईना! जाताना उजवीकडे असलेला कडा आता भलताच दिसत होता. तिठ्यावर तीन वाटा, तिन्ही परक्या. ती रानोमाळ भटकली. शेवटी गावच्या गुरांच्या घंटा कानावर आल्या, म्हणून घर तरी सापडलं.

आणि तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोंडसरची रीत अशी, की गाव सोडताना वाटेत मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं तर घरच्यांवर संकट येतं. पिढ्यान् पिढ्या कुणी मागं पाहिलंच नव्हतं. मग घराकडे येताना वाट कशी दिसते, हे कळणार कुणाला?

ती पाटलांकडे गेली. पाटील बाईमाणसाचं ऐकून घेणारे होते, पण रीत मोडायला घाबरले. वळलीस तर गावाचं वाटोळं होईल, म्हणाले. ठकूचे डोळे भरून आले आणि रागही आला.

"वळायचं नाही ना, काका? मग मी वळतच नाही," ती म्हणाली. "तोंड घराकडंच ठेवते."

आणि घराकडे तोंड करून ती दारातूनच उलट्या पावलांनी निघाली. हसा, हसा. तेव्हाही लोक आधी हसले, मग घाबरले, कारण धुळीत पावलं उमटली होती ती गावाकडे येणारी, आणि बाई तर निघून चाललेली! बायकांनी दारं लावून घेतली.

ठकू थांबली नाही. घाट उतरली, ओढे ओलांडले, माळ तुडवला, सगळं पाठमोरी. ठेच लागायची वेळ आली की दगडच बाजूला सरकत, असं म्हणतात. प्रत्येक फाट्यावर तिनं घराच्या वाटेला दगडांची रास रचली.

शहराच्या वेशीत पाठीवर पोतं घेतलेला भिवा भेटला. दर दिवाळीला तो निघे, घाटात चुकून माघारी येई. गावानंच आपल्याला टाकलं, असं त्यानं धरून ठेवलं होतं. बहिणीला पाहून तो लहान पोरासारखा रडला. ठकू त्याला घेऊन निघाली. रास दिसली की वळायचं, असं करत दोघं शिवेवर पोचली. तिथंच एका चपट्या धोंड्यावर बसवून तिनं त्याला ओवाळलं. दिवाळी केव्हाच उलटून गेली होती, पण ओवाळलं.

"घरी चल, ताई," भिवा म्हणाला.

"शहरात आपली अजून कितीजणं आहेत रे," ती म्हणाली. "तू हो पुढं."

आणि त्याच्याकडे बघत बघत, तशीच उलट्या पावलांनी ती घाटात उतरली. माणसं येत राहिली, रास बघून, एकेक करून. ठकू आली नाही. भिवा म्हातारा होईपर्यंत दर भाऊबिजेला त्या धोंड्यावर वाट बघत बसायचा.

आजही कोंडसरचं माणूस शहराला निघालं की शिवेपर्यंत उलट्या पावलांनी जातं. शहरातली पोरं दिवाळीला ती सगळी वाट चालत येतात आणि प्रत्येक राशीवर एक दगड ठेवतात. भाऊबिजेला शिवेवरच्या धोंड्यावर पाट मांडतात. त्या दिवशी वाटेनं जो पहिला येईल त्याला, मग तो कुणाचा कोण का असेना, गावातली एक लेक भाऊ म्हणून ओवाळते.

आणि पहिली येणारी बाई असली, तर सगळं गाव उठून उभं राहतं. तिला नाव विचारत नाहीत. घरी चल, ताई, एवढंच म्हणतात.