पाहुण्यांसाठी धुतलेली टाकी

एकदा एक वृद्ध बाई केळीच्या मुलखात मुलींची आश्रमशाळा चालवीत होत्या. सगळे त्यांना माई म्हणत. ऐंशी मुलींचा स्वयंपाक लाकडावर होई आणि मुली खोकत. मग माईंनी आवारात बंद टाकी बांधली. घड कापल्यावर शेतात सडणारी केळीची खोडं तिच्यात पडत, आतले डोळ्यांना न दिसणारे जीव ती खात, आणि त्यांच्या खाण्यातून निघालेल्या वायूवर शेगडी पेटे.

खोडं वाहून आणायची, चिरायची, कालवून टाकीत सोडायची, हे काम द्वारका आणि तिच्या गल्लीतल्या पाच बायांचं. केळीच्या चिकाने त्यांची लुगडी काळी पडलेली. टाकीची देखरेख माईंच्या शिष्याकडे होती. तो शिकलेला होता आणि ते तो कुणाला विसरू देत नसे.

शाळेला दुसरी टाकी बांधून देऊ म्हणणारा एक व्यापारी ही टाकी पाहायला येणार होता. वास मारावा म्हणून शिष्याने त्या सकाळी फिनाईलचे दोन डबे टाकीच्या तोंडात ओतले.

द्वारका म्हणाली, "अहो भाऊ, आत जीव आहेत ना? ते मरतील की!"

"चौथी शिकलीस ना तू? मग मला शिकवू नकोस. आणि तुम्ही साऱ्याजणी गोठ्यामागे बसा. अंगाला वास येतो. पाहुणे गेले की बोलावतो."

व्यापारी आला. साठलेल्या वायूवर शेगडी छान पेटली. "काय स्वच्छता!" म्हणून तो खूश होऊन गेला. बायांना बोलवायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. अंधार पडल्यावर त्या उपाशीपोटी घरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी कामाला आल्या नाहीत.

चौथ्या दिवशी शेगडी विझली. माईंनी टाकी हुंगली आणि शिष्यापुढे रिकामी बादली ठेवली. "द्वारकाच्या गल्लीत जा. आपल्याच टाकीतला आंबलेला काला नेऊन त्यांनी तिथे लहान टाकी चालवली आहे. बादलीभर काला विरजण म्हणून माग, म्हणजे आपल्या टाकीत पुन्हा जीव धरतील. तू एकटा जा, आणि पायी जा."

शिष्य चक्रावला. "माई, आपल्या गोठ्यात शेणाला काय तोटा?"

"शेणातल्या जिवांना खोड पचवायची सवय लागायला तीन महिने जातील. तोवर मुलींनी धूर खायचा का?"

तो गेला. द्वारका ओट्यावर बसली होती. बादलीकडे पाहून ती म्हणाली, "का भाऊ, पाहुणे गेले का? आम्ही अजून तुमच्या निरोपाची वाट बघतोय."

बाया हसल्या. शिष्याने मान खाली घालून विरजण मागितलं.

"आमच्या टाकीला वास येतो, भाऊ. तुम्हाला चालायचा नाही," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

तो रिकाम्या हाताने परतला आणि माईंवरच चिडला. "नाही म्हणतील हे तुम्हाला ठाऊक होतं. मग मला का पाठवलंत?"

"ठाऊक नव्हतं रे. आशा होती," माई म्हणाल्या. "टाकीतले जीव आणि त्या बाया, दोघांना आपण एकाच मापाने मोजलं. उरलंसुरलं त्यांच्यापुढे टाकायचं, ऊब आपण घ्यायची, आणि चार लोक आले की त्यांचा वास लपवायचा. जिवांना तोंड नव्हतं, ते मुकाट मेले. बायांना तोंड आहे, त्यांनी 'नाही' म्हटलं. आणि दोष तुझ्या एकट्याचा नाही. त्या दिवशी मी पाहुण्याशेजारी खुर्चीवर बसले होते. 'द्वारका कुठे आहे?' असं माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही."

शिष्याने टाकी उपसून धुतली आणि तिच्यात शेण कालवून सोडलं. तीन महिने मुली पुन्हा खोकल्या. तो रोज एकटा खोडं चिरी, त्याचे सदरे काळे पडले, आणि ते डाग धुऊन जात नाहीत हे त्याला तेव्हा कळलं.

एके दिवशी तो बादली न घेता गल्लीत गेला. द्वारकाने विचारलं, "आता काय मागायला आलात?"

"काही नाही. चुकलो, एवढं सांगायला आलो."

"सांगितलंत ना? मग जा आता," ती म्हणाली.

तो गेला. क्षमा मागणं आपल्या हाती असतं, मिळणं नसतं.