बियाण्याचं गाडगं

एकदा एक ओढा होता आणि त्याच्या दोन काठांवर दोन गावं होती. ओढ्याच्या उगमाशी एक हिरवं कुरण होतं. ते कोणाचं, यावरून दोन्ही गावांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं. आधी शिव्या होत्या, मग काठ्या आल्या आणि पुढे ठासणीच्या बंदुका आल्या, तसं घरोघर शिसं वितळू लागलं. ज्या चुलीवर सकाळी भाकरी व्हायची, तिच्यावरच दुपारी पळीभर शिसं तापे आणि साच्यात ओतून गोळ्या काढल्या जात. माणसाला कशाचीही सवय होते, तशी याचीही झाली.

अलीकडच्या गावात एक वृद्ध गृहस्थ राहत. सारा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांच्यापाशी येऊन बसणारा, त्यांचं ऐकून शहाणा झालेला एक तरुण शेतकरी होता. आबांचा हा शिष्य बुद्धीनं तल्लख. घरी बायको, एक लहान मुलगी आणि ओढ्याकाठी काळ्या मातीचा तुकडा. त्या तुकड्यात हस्त नक्षत्रात शाळू पेरायचा आणि वर्षभर तोच खायचा, एवढाच त्याचा संसार.

त्या उन्हाळ्यात गावचा एक गुराखी कुरणात मारला गेला. गाव पेटलं. दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं ते बंदुका घेऊनच, असं चावडीवर ठरलं. वैशाखभर चुली शिशासाठी राबल्या. पण एक अडचण होती. आदल्या वर्षीच्या गोळ्या पावसाळ्यात खराब झाल्या होत्या. त्यांच्यावर पांढरी पुटं चढली होती, एकमेकींवर आपटून त्यांना पोचे पडले होते आणि त्या नळीत उतरत नव्हत्या. तेव्हा पंचांनी शिष्याला बोलावून सांगितलं, "गोळ्या कशात ठेवायच्या ते तू शोधून काढ. तुझं डोकं चालतं."

डोकं चालतं असं चारचौघांत कुणी म्हटलं की माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही. शिष्य हौसेनं कामाला लागला. गेल्या पावसाळ्यात कुणी गोळ्या कशात ठेवल्या होत्या, ते त्यानं घरोघर पाहिलं. चामड्याच्या पिशवीला ओल धरली होती. लाकडी पेटीत गोळ्या पांढऱ्या पडल्या होत्या. लोखंडी डबा गंजला होता. पितळेच्या तांब्यात त्या खडखडून चेपल्या होत्या. अखेर त्याची नजर घरातल्या उतरंडीकडे गेली. सर्वांत खालचं गाडगं बियाण्याचं. आत चाळलेली राख, राखेत शाळूचं बी आणि तोंडाला शेणमातीचा लेप. आषाढातही आतली राख कोरडी ठणठणीत राहते. गोळीला याहून उत्तम जागा कोणती?

त्यानं लेप फोडला, बी उपसलं आणि राखेत गोळ्या रचू लागला. बायको दारात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "आवं, मग बी कुठं ठिवायचं?"

"ठेव की टोपलीत. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि टोपली आणली.

संध्याकाळी आबा आले. शिष्यानं मोठ्या अभिमानानं गाडगं दाखवलं. आबांनी ते दोन्ही हातांनी उचललं, खालीवर पाहिलं आणि खाली ठेवलं. "भांडं चांगलं निवडलंस," ते म्हणाले. "यातनं बाहेर काढलंस, ते काय झालं?"

शिष्य हसला. "आबा, ते काय, टोपलीत आहे."

घरात नवं काही साठवायचं ठरलं की कशात ठेवू, किती ठेवू, याचा आपण रात्रंदिवस काथ्याकूट करतो. त्यासाठी काय बाहेर काढलं, हे विचारणारा बहुधा एखादा म्हातारा असतो, आणि आपल्याला काय ते माहीतच आहे असं समजून आपण त्या म्हाताऱ्याला हसतो.

ही युक्ती गावभर झाली. आठवड्याभरात प्रत्येक घरातलं बियाण्याचं गाडगं गोळ्यांनी भरलं. पावसाळा आला. पुरुष पहाऱ्यावर आणि बायका त्यांना भाकरी पोचवण्यात. टोपल्यांकडे बघायला कुणाला सवड होती?

हस्त लागला. शिष्यानं गाडग्याचा लेप फोडला. गोळ्या काल ओतल्यासारख्या लखलखीत होत्या. त्याला आनंद झाला. मग त्यानं टोपली ओढली. वरची फडकी काढताच आतून सोंडकिडे हातावर चढले. मूठ भरली तर बोटांतून पीठ गळालं. बायको भिंतीशी बसली. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात हेच झालं. खायचं धान्य श्रावणातच तळाला गेलेलं आणि बाजाराची वाट पलीकडच्या गावातून जाणारी.

दुसऱ्या दिवशी शिष्य शेतावर गेला आणि बांधावरच थबकला. त्याच्या वावरात कुणाची तरी पेरणीची तिफण चालली होती. मागे आबा होते. कमरेला ओटी बांधलेली, आणि ओटीतून मूठ मूठ गोळ्या काढून ते तिफणीच्या चाड्यात सोडत होते. नळीतून गोळ्या ठक्‌ठक्‌ खाली उतरत होत्या आणि तासात, म्हणजे तिफणीनं पाडलेल्या सरीत, मातीआड होत होत्या. गोळ्या शिष्याच्याच घरच्या होत्या. त्याच्या बायकोनंच त्या ओटीत घातल्या होत्या.

"आबा! डोकं फिरलं का तुमचं?" तो धावला. "गोळ्या पेरताय?"

आबांनी बैल थांबवले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. "पोरा, या गाडग्यात जे ठेवायचं, तेच हस्तात पेरायचं, हा तुझ्या बापाचा, आज्याचा नेम. तू नेम मोडलास का? नाही. तू फक्त आत काय ठेवायचं ते बदललंस. गरिबाच्या घरात रिकामं भांडं नसतं रे. एक आत गेलं की दुसरं बाहेर येतं. तू उन्हाळ्यातच पेरणी केलीस. मी फक्त शेवटचं तास धरलंय." आणि त्यांनी पुन्हा चाड्यात मूठ सोडली.

शिष्य बांधावर बसला. त्याला रडू आलं, पण त्या वेळी आपल्या मुलीसाठी बी मिळवणं हे रडण्याहून मोठं होतं. तो उठला, डोक्याचं पागोटं सोडून हातात घेतलं, म्हणजे पलीकडच्यांना कळावं की हा मागायला आलाय, आणि ओढ्यात उतरला.

ओढ्याच्या मधोमध त्याला पलीकडचा एक माणूस भेटला. त्याच्याच वयाचा. त्याच्याही हातात सोडलेलं पागोटं होतं आणि खांद्यावर रिकामी झोळी. दोघं पाण्यात उभे राहिले.

"बी मागाया निघालो हुतो," तो माणूस म्हणाला. "आमचं समदं किडलं."

"समदं? का?"

"गाडग्यात गोळ्या ठिवल्या. तुमच्याकडची कासारीण बांगड्या भराया आलती, तिनंच सांगितलं. म्हनली, पल्याड एक लई हुशार मानूस हाय, त्यानं शोधून काढलंय."

शिष्याला तो माणूस आपणच आहोत हे सांगता आलं नाही. तो मागं फिरला.

चावडीवर सारा गाव जमला होता. शिष्यानं सांगितलं, पलीकडेही बी नाही, एक दाणा नाही. पंच म्हणाले, "खोटं बोलतात. लपवून ठेवलंय. आता तर जायलाच पाहिजे. बी त्यांच्या घरात आहे आणि गोळ्या आपल्या घरात आहेत." लोकांनी माना डोलावल्या. शिष्य ओरडला, पाया पडला, गाडगी फोडायला धावला. त्याला धरून बाजूला बसवलं. जो गोळ्या वाचवायला शिकवतो त्याचं गाव ऐकतं, हे तो वैशाखात शिकला होता. त्यापुढचं तो आज शिकला.

तो आबांकडे गेला. आबांनी त्याच्याच घरून किडकी टोपली आणवली होती आणि घंगाळात पाणी भरून ठेवलं होतं. शिष्यानं मूठ मूठ शाळू पाण्यात सोडला. पोखरलेले दाणे वर आले आणि तरंगत राहिले. पाण्याचा पृष्ठभाग त्यांनी भरून गेला. चावडीकडून गोळ्या वाटून घेणाऱ्यांचा गलका ऐकू येत होता.

त्यानं तो थर हातानं बाजूला सारला. तळाशी थोडेसे दाणे बसले होते. त्यांतून वावराचं एक तासही भरलं नसतं. ते वेचून त्यानं विचारलं, "आबा, हे कशात ठेवू?"

आबांनी त्याच्यापुढे हात पसरला. दाणे एका तळहातात मावले.