मांडवेलची जवारी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मला विचारू नका. माणगंगेला तेव्हा ऐन उन्हाळ्यातही म्हशी डुंबण्याइतकं पाणी असायचं, यावरून काय ते ओळखा.

त्या काळी मांडवेल गावात सुंद्रा नावाची मुलगी होती. तिचा बाप शिवाराची राखण करायचा आणि ती बापाबरोबर शेतातल्या उंच माळ्यावर उभी राहून पाखरं हाकलायची. एका हातात गोफण, तोंडात हाळी. तिची हाळी एवढी खणखणीत, की नदीपलीकडच्या गावातली पाखरंसुद्धा उडून जायची, असं म्हणतात. पलीकडच्या लोकांनी तर राखणदारच ठेवायचा सोडला. "मांडवेलची सुंद्रा आहे की," म्हणायचे. फुकटे मेले!

त्याच गावात विसूबुवा राहायचे. सिद्धनाथाच्या देवळात रोज पहाटे गाणं हीच त्यांची पूजा. आज गाणं गल्लोगल्ली ऐकू येतं. तेव्हा ते पायी जाऊन आणावं लागायचं, बरं का. ख्यालाची गायकी होती लांब ग्वाल्हेरला. इकडची पोरं चालत तिकडं जायची, गुरूच्या घरी पाणी भरायची, लाकडं फोडायची, आणि गुरूची मर्जी झाली तर एखादा राग पदरात पडायचा. विसूबुवा असेच गेले तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. परत आले तेव्हा केस पिकायला लागले होते आणि पोटात ही एवढी विद्या होती.

देवळात त्यांचा एक तंबोरा होता. त्याचा भोपळा देवळाच्याच छपरावरच्या वेलाला लागलेला. गावानं तो पोरासारखा जपला, वाळवला, आणि बुवांनी तो डोक्यावरून मिरजेला नेऊन त्याचा तंबोरा करून आणला. म्हणून तो बुवांचा नव्हता, गावाचा होता. बाळंतीण सव्वा महिन्यानं देवळात आली की आधी देवाला आणि मग तंबोऱ्याला लेकरू दाखवायची.

आता हे सगळं सुरळीत चाललं असतं तर मी गोष्ट कशाला सांगितली असती?

बुवांचं वय झालं. आवाज गेला. आणि त्याच वर्षी जत्रेला रायाजीराव सरदार आले. सगळी जहागीर त्यांची. माणूस वाईट नव्हता, पण कोरडा. लहानपणी कुणा गरिबाच्या घरातून त्यांना दत्तक आणलेलं, आणि वाड्यात पाऊल टाकल्या टाकल्या बजावलेलं, की जन्मदात्या आईचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही. त्यांनी काढलं नाही. हसलेही नाहीत आणि रडलेही नाहीत. मोठमोठे गवई त्यांच्यापुढं गाऊन दमले, पण हा गडी लोडाला टेकलेला तो टेकलेलाच. छातीत काळीज नाही, पाटा ठेवलाय, असं लोक म्हणायचे.

त्यांनी तंबोरा पाहिला, एक तार छेडली आणि म्हणाले, "गाणारा नाही तिथं हे वाद्य ठेवून काय उपयोग? वाड्यावर पाठवून द्या."

बुवांनी हात जोडले. "सरकार, एक वर्ष द्या. माझी विद्या कुणाच्या तरी गळ्यात घालतो."

सरदार म्हणाले, "दिलं. पुढच्या जत्रेला असं गाणं ऐकवा की मी बैठकीवरून उठून उभा राहीन. तसं झालं तर तंबोरा तुमचा. नाही तर माझा."

म्हणजे झालंच की! ज्या माणसाला कुणी हलवू शकलं नाही, त्याला उठवायचं. गाव म्हणालं, तंबोरा गेल्यातच जमा. पण बुवा तडक शिवारात गेले आणि माळ्याखाली उभे राहून ओरडले, "सुंद्रे, खाली उतर! आजपासून गाणं!"

गावात कुजबूज झाली. पोरीच्या जातीला गाणं कशाला, हिचं लग्न कोण करील, झालंच तर राखणदाराची पोर देवळात बसून गाणार का! बुवांनी एकच उत्तर दिलं, "सिद्धनाथाला चालतंय. तुमचं तुम्ही बघा."

सुंद्रा शिकली. डोकं तल्लख होतं, एकदा ऐकलेलं विसरायची नाही. सूर जागच्या जागी लावायची. पण काय झालं कोण जाणे, माळ्यावरचा तो मोकळा आवाज देवळात आला की आखडायचा. सूर खरा, पण दाबलेला. वरच्या षड्जाला तर गळ्यात फडकं कोंबल्यागत व्हायचं. बुवा कपाळाला हात लावायचे, पण पोरीला कधी टाकून बोलले नाहीत.

मग ग्वाल्हेरहून गुरूंच्या पुण्यतिथीचा सांगावा आला. बुवा निघाले. निघता निघता त्यांनी तंबोरा छेडला, तर तोही बंद बंद वाजला. दरवर्षी मिरजेचा कारागीर येऊन तो नीट करून जायचा. यंदा तो आलाच नव्हता. पायात वहाणा घालता घालता बुवा सुंद्राला म्हणाले, "मी येईतो जवारी काढून घे. जवारी निघाली की सूर आपोआप मोकळा होतो." आणि गेले.

आता ऐका हं. गवयांच्या बोलीत जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीवर, तारा उचलून धरणाऱ्या पट्टीवर, तार जिथं टेकते ती जागा. ती घासून, तारेखाली दोरा सरकवून नीट बसवली की तार गुणगुणते. त्याला म्हणतात जवारी काढणं. पण आमच्याकडं जोंधळ्यालाही जवारीच म्हणतात! सुंद्राला मिरजेची जवारी काय ठाऊक? देवळाची जमीन होती, तिच्यात जवारी पिकून उभी होती. बुवांनी काढायला सांगितली. सुंद्रानं पदर खोचला आणि गेली की रानात!

हसू नका. आमच्या काळ्या रानातली जवारी उपटणं म्हणजे खायचं काम नाही. भुईला भेगा पडलेल्या असतात आणि मुळं घट्ट धरून बसलेली असतात. दोन्ही मुठींत धाट धरायचं आणि बेंबीच्या देठापासून जोर लावायचा. सुंद्रा एकटीच. मदतीला आलेल्यांना तिनं परत लावून दिलं, "बुवांनी मला सांगितलंय." आणि बुवा म्हणाले होते ना, जवारी निघाली की सूर मोकळा होतो? म्हणून धाट उपटताना ती सूर लावायची. धाट निघालं की षड्ज, निघालं की षड्ज. हातांची सालटं गेली. पहिले काही दिवस नुसतं कण्हणंच बाहेर पडायचं. मग एक दिवस जोराबरोबर पोटातून असा सूर आला, की बांधावरचे बैल चरायचे थांबले, असं म्हणतात.

बुवा परतले ते जत्रेच्या आदल्या दिवशी. आल्या आल्या तंबोरा छेडला. बद्द!

"सुंद्रे! जवारी काढली नाहीस?"

"काढली की, बुवा."

"कुठं काढलीस? ही बघ कशी वाजतेय!"

"वाजतेय कशी? कणसं खळ्यावर टाकलीत, कडबा रचलाय. एक धाट ठेवलं नाही रानात."

बुवांना आधी उमगलंच नाही. उमगलं तेव्हा त्यांनी तंबोरा खाली ठेवला. मिरजेला जाऊन यायला वेळ नव्हता, घोडी घासायला हातांत कंप होता. "बुडालो गं," म्हणाले, "तुझा दोष नाही. मीच बावळट. राखणदाराच्या लेकीला जवारी काढ म्हटल्यावर ती काय करील?"

सुंद्राच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ती राखणदाराची लेक, रडत बसणारी नव्हे. "दोरा कुठं सरकवायचा ते दाखवा," म्हणाली. बुवांनी दाखवलं. तिनं ओच्यातून जवारीचं वाळलेलं पान काढलं, नखानं त्याची बारीक शीर सोलली आणि तारेखाली सरकवली. जरा मागं, जरा पुढं. आणि तार अशी बोलायला लागली, अशी बोलायला लागली, की देवळातली घंटा कुणी न हलवता घुमली, असं म्हणतात.

जत्रेची सकाळ. सरदार लोडाला टेकलेले, माणसं झाडांवरसुद्धा चढलेली. सुंद्रानं तंबोरा घेतला, सालटं गेलेली बोटं तारांवर ठेवली आणि देसकार सुरू केला. उन्हं वर येतानाचा राग तो. ती गात गेली आणि भांडणं झालेले भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. नवरा गेल्यापासून दातखीळ बसल्यागत गप्प असलेली एक बाई मोकळेपणानं रडली. आयुष्यभर ज्यांना सुंद्रानं गोफणीनं हाकललं, ती सगळी पाखरं येऊन मांडवावर ओळीनं बसली. एकानंही चोच उघडली नाही!

पण सरदार हलले नाहीत.

बुवांनी डोळे मिटून घेतले. सुंद्रानं बैठकीकडं पाहिलं. मग ताना सोडून दिल्या, बोल सोडून दिले, आणि जवारी उपटताना लावायची तसा बेंबीच्या देठापासून वरचा षड्ज लावला. नुसता सूर, लांब, मोकळा. शिवारात भाकरी घेऊन आलेली बाई बांधावर उभी राहून लेकराला हाळी घालते ना, अगदी तसा.

आणि लोडाजवळून आवाज आला, "आलो गं आई!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. रायाजीराव सरदार उभे होते. त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. पागोटं सुटलेलं, दोन्ही हात पुढं केलेले, आणि गालांवरून धारा. ज्या हाकेला त्यांची लहानपणी ओ द्यायची राहून गेली होती, तिला ते सगळ्या जहागिरीसमोर ओ देत होते.

मग काय विचारता! गुलालानं आभाळ दिसेना. हलगी कडाडली. कालपर्यंत लग्नाची काळजी करणाऱ्यांनीच सुंद्राला खांद्यावर घेतलं, लबाड कुठले! विसूबुवा हसत होते की रडत होते ते सिद्धनाथाला माहीत. "अगं पोरी," म्हणाले, "मी तंबोऱ्याची काढायला सांगितली, तू रानाची काढलीस, आणि निघाली तुझ्या गळ्याची!" आणि सरदार? तिथूनच घोड्यावर बसले आणि वाड्याकडं न जाता जन्मगावी आईला भेटायला गेले. म्हातारी त्यांची वाट बघत जिवंत होती, असं म्हणतात. मी तर म्हणतो, होतीच.

तंबोरा अजून देवळात आहे. लेकरं अजून त्याला दाखवतात. जत्रेत गायला येणारा कितीही मोठा गवई असो, आमचे लोक त्याला आधी रानात नेतात आणि एक मूठ जवारी उपटायला लावतात. उपटतो बिचारा, रेशमी सदरा सावरत. त्यातलंच एक पान तारेखाली जातं. मग गाणं सुरू होतं. मांडवेलात गाण्याला कुणी वाहवा म्हणत नाही. टाळ्याही नाहीत. गवयानं वरचा षड्ज लावला, की म्हातारी-कोतारी, पोरं-सोरं, सगळं गाव उभं राहतं आणि एका सुरात ओ देतं, "आलो गं आई!"