गोलामागची लिंबोणी

सोनगट्टीच्या फुटबॉल मैदानावर, नदीकडच्या गोलामागे एक लिंबोणी उभी आहे. मैदानात दुसरं झाड नाही. नेम चुकला की चेंडू तिच्या काट्यांत जातो, कधी फुटतोही, पण तिची फांदी कुणी छाटत नाही. सामन्याआधी खालवेस तालमीची, म्हणजे खालच्या वेशीच्या संघाची, माणसं बायकापोरांसकट त्या गोलासमोरची माती अनवाणी तुडवतात. तुडवताना दोन्ही हात वर, तळवे उघडे. नवख्या पाहुण्याला वाटतं, ही प्रार्थना असावी. मग तालमीचे यल्लाप्पा आबा त्याला सावलीत बसवतात आणि म्हणतात, "प्रार्थना न्हवं पावणं. झडती हाय ती."

आबांनी ही हकीकत त्यांच्या आजोबांकडून ऐकली. चामड्याचा, दोरीनं आवळलेला चेंडू होता आणि गोलकीपर उघड्या हातांनी उभा राहायचा, तेव्हाची ती आहे म्हणे.

त्या वर्षी खालवेस तालीम एकही सामना जिंकली नाही. पण खालवेशीतलं माणूस घरी राहिलं, असंही झालं नाही. कुंभारभट्टी विझवून लोक यायचे, लेकराला पाठीशी बांधून बाया यायच्या. हरले की सगळे एकत्र परत जायचे. फक्त वाटेत कुणी कुणाशी बोलायचं नाही.

कारण सगळ्यांना एक गोष्ट दिसत होती. खालवेस तालीम बहुतेक गोल खायची ती नदीकडच्या बाजूला. तिथं उभा राहिला की बसवंत कुंभाराचा पाय ऐन वेळी घसरायचा. दुसऱ्या बाजूला तोच बसवंत मांजरासारखा उडायचा. बसवंतची बहीण गंगव्वा बाजारपेठेत दिलेली होती आणि त्या वर्षी बाजार तालीम सगळ्यांना हरवत सुटली होती. एवढं पुरे झालं. पाणवठ्यावर कुजबूज सुरू झाली, की भावानं बहिणीच्या सुखासाठी पाय विकला. बसवंत आला की पारावरची माणसं गप्प व्हायची. त्याच्या आईला कुणी तोंडावर काही म्हणालं नाही, पण तिची घागर भरून द्यायला कुणी वाकेनासं झालं.

शेवटचा सामना बाजार तालमीशीच होता. आदल्या दिवशी तालमीचे वस्ताद काशाप्पा यांनी बसवंतला देवळात बोलावलं आणि पुढ्यात बेल-भंडारा ठेवला.

"उचल," ते म्हणाले. "पाय विकला न्हाईस म्हण. न्हाईतर उद्या गोलात दुसरा उभा ऱ्हाईल, आणि तू खालवेशीत दिसायचा न्हाईस."

बसवंतनं भंडारा उचलला. "विकला न्हाई," तो म्हणाला. "पण वस्ताद, तिथली माती माझा पाय धरती. उद्या सकाळी समद्यांच्या म्होरं ती उकरतो. खाली काय निघंल त्ये निघंल."

ही बातमी ऐकून खालवेशीत पुष्कळांची तोंडं उतरली, असं सांगतात. त्याचा अर्थ तेव्हा कुणाला कळला नाही.

सकाळी सगळी वेस जमली. पलीकडे बाजारपेठेतले लोकही येऊन उभे राहिले, त्यांत डोक्यावर पदर घेतलेली गंगव्वा होती. बसवंतनं कुदळ घातली. माती लोण्यासारखी वर आली. पहिल्याच घावाला नारळ निघाला. मग टाचण्या टोचलेलं लिंबू. मग ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या, घोड्याचा नाल.

"करणी! बाजारवाल्यांची करणी!" ओरडा झाला. पण तो ओरडा पुढच्या काही जणांचाच होता. मागचे खाली बघत होते.

शेवटी शेंगा विकणारी तायव्वा पुढं आली. ती एकही सामना चुकवत नसे. तिनं नारळ उचलून पदरात घेतला. "कुणाचं नाव घेऊ नगासा. ह्यो माझा हाय. पोरं जिंकावीत म्हणून पुरला हुता."

"आणि त्यो नाल?" कुणीतरी विचारलं.

वस्ताद काशाप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "त्यो... माझा."

"वस्ताद! तुमी बी?"

"मग काय, तू लिंबू पुरलंस त्ये मी बघितलं न्हाई व्हय?"

मग एकेकाचं बाहेर आलं. अख्ख्या वेशीनं, एकमेकांना चोरून, जिंकण्यासाठीच काही ना काही पुरलं होतं. दुसऱ्याचं सापडलं की शत्रूची करणी समजून उपसायचं, आणि त्याच खड्ड्यात आपलं घालायचं. वर्षभर उकरून उकरून माती पोकळ झाली होती. बसवंतचा पाय त्यात रुतत होता. खालवेसचे पुढचे गडी चेंडू तिथवर नेतच नसत, म्हणून समोरच्या गोलकीपरचा पाय तिथं कधी अडकलाच नाही.

हसू फुटणार, एवढ्यात तळाशी आणखी एक लिंबू निघालं. जुन्या लुगड्याच्या काठात बांधलेलं. त्याला कुणी हात लावेना.

"ह्ये कुणाचं?" वस्तादांनी विचारलं. पुन्हा विचारलं. आता सगळ्यांच्या माना पलीकडे वळल्या. "म्हंजी ह्येच त्यांचं!" कुणीतरी दगड उचलला.

बसवंतनं गाठ बघितली. तशी तिरकी गाठ त्याच्या मनगटावरच्या पट्टीला, सामन्याआधी, लग्न होऊन सासरी जाईपर्यंत एकच माणूस बांधत असे. बाजारपेठेच्या सुनेनं खालवेशीसाठी लिंबू पुरलं हे उघड झालं असतं, तर तिला त्या घरात उंबरा उरला नसता.

"दगड टाक खाली," तो म्हणाला. "त्ये माझं हाय."

"गोलकीपर सोताच्या गोलात पुरतोय व्हय?"

"व्हय. माझं हाय म्हटलं न्हवं?"

त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. पण त्यानं भंडारा उचललेला होता, म्हणून दगड खाली पडला. उकरलेली माती आणि नको असलेलं सगळं गोलामागे ओतलं. नदीवरून मुरूम आणून खड्डा भरला आणि अख्खी वेस त्यावर अनवाणी चालली. तायव्वा म्हणाली, "हात वर करा समदे. कुणाच्या मुठीत काय ऱ्हायलंय त्ये दिसू दे." तेव्हापासून हात वर.

दुपारी खालवेस तालीम पुन्हा हरली. पण बसवंतचा पाय रुतला नाही. शेवटचा गोल त्याच्या बोटांना घासून आत गेला, ते सगळ्यांनी बघितलं. त्या दिवशी परतताना लोक बोलत गेले, आणि त्याच्या आईची घागर वस्तादांच्या बायकोनं भरली.

पुढच्या पावसाळ्यात त्या ढिगाऱ्यावर लिंबोणी उगवली. कुणाच्या लिंबाची, हे कसं सांगणार? एवढंच सांगतात, की गंगव्वा म्हातारी होईपर्यंत दर उन्हाळ्यात बाजारपेठेतून घागर घेऊन यायची आणि झाडाला पाणी घालायची. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "झाड हाय. तहान लागती त्याला."

आजही मध्यंतरात लिंबं या झाडाचीच वाटतात, आणि पहिली फोड समोरच्या संघाच्या गोलकीपरला देतात. आजही सामन्याआधी माती तुडवतात, तळवे उघडे ठेवून. आबाही तुडवतात, सगळ्यांच्या मागून. पुढं चालणाऱ्यांच्या मुठी तिथून नीट दिसतात.