तिसरी घोंगडी

फार पूर्वीची गोष्ट, नद्यांवर पूल नव्हते तेव्हाची. पोरांनो, कान द्या. आणि थोरांनो, तुम्ही तर दोन्ही कान द्या, कारण यातली चूक तुमच्यासारख्या शहाण्यांचीच आहे.

एका नदीकाठच्या गावात ठकू नावाची नावाडीण होती. बापामागे होडी तीच चालवायची. भोवऱ्यातून होडी अशी काढायची, की उतारूच्या मांडीवरचं मूलही जागं होत नसे. पण नदीसारखंच तिचं मनही कधी दुथडी भरून वाहायचं, कधी पार आटायचं. भरून आलं की ठकूला झोप नाही, गात सुटायची, भर पुरात होडी लोटायची. आटलं की अंथरूण सोडायची नाही, भाकरीचा तुकडाही नको म्हणायची.

एकदा अशाच उधाणात तिने अर्धा बाजार होडीत भरला आणि होडी उलटली. माणसं वाचली ती नशिबानेच. घाबरलेल्या थोरल्या भावाने वैद्यबुवांना बोलावलं.

गावची रीत अशी, की वैद्य आला की ओसरीवर दोन घोंगड्या अंथरायच्या. एक वैद्याला, एक घरच्या कर्त्याला. रोगी दाराआड. बोलणं दोघांचं आणि काढा तिसऱ्याच्या घशात. वा रे रीत!

काढा सुरू झाला. ठकू शांत झाली, पण अशी शांत की वल्हं उचलवेना. हात थरथरायचे, डोक्यात धुकं.

"गुण आला!" भाऊ म्हणाला.

"दादा, अरे हात चालत नाहीत माझे."

"रोग्याला काय कळतंय? गप पी."

ठकू रोज काढा शेळीच्या पाण्यात ओतू लागली. शेळी दिवसभर पेंगायची, ठकू पुन्हा गुणगुणायला लागली. शेवटी त्या शेळीनेच बिंग फोडलं.

वैद्यबुवा परत आले. ओसरीवर दोन घोंगड्या पडल्या. भाऊ म्हणाला, "मात्रा दुप्पट करा बुवा. आणि वल्हं मी आजच चुलीत घालतो."

बापाचं वल्हं! दाराआड ठकूने हे ऐकलं. तिने आपली घोंगडी उचलली, तरातरा ओसरीवर आली, दोघांच्या मधे अंथरली आणि मांडी घालून बसली.

"ऊठ!" भाऊ ओरडला.

"नाही उठत. जीव माझा, हात माझे, घसा माझा. मग घोंगडी का नाही?"

"होडी बुडवलीस ती विसरलीस?"

"नाही विसरले, म्हणूनच बसलेय. औषधाला माझी ना नाही. मला न विचारता दिलेल्या औषधाला आहे. त्या काढ्याने हात थरथरायचे माझे, वल्हं उचलवत नव्हतं."

वैद्यबुवा चपापले. "हात थरथरतात हे मला कुणी बोललं नाही."

"विचारलं कुणी?"

बुवांनी तिची नाडी पाहिली. मग म्हणाले, "मात्रा कमी करता येईल, बाई. पण खोटं कशाला सांगू? उधाण पुन्हा येऊ शकतं."

"मग ते अडवायचं कसं, हे आत्ताच ठरवू. माझं डोकं ताळ्यावर आहे तोवर." ती भावाकडे वळली. "दादा, माझी झोप उडाली आणि पहाटे गाणं सुरू झालं, की वल्हं माग. मी भांडेन, शिव्या देईन, तरी माग. आणि मी सावरले की त्याच दिवशी परत दे."

तिघांनी तसं ठरवलं. ठकू रोज काढा घेऊ लागली, शेळी टुणटुणीत झाली.

पुढे श्रावणात नदी दुथडी भरली, आणि ठकूचं मनही. पहाटेच ती गात काठावर उभी, खांद्यावर वल्हं, होडीत माणसं चढू लागलेली. भाऊ धावत आला. हातात दोर नव्हता, काठी नव्हती. त्याने नुसता हात पुढे केला.

"ठकू, वल्हं दे."

"तू कोण मागणारा?"

"मी कुणी नाही गं. तिसऱ्या घोंगडीवर बसून तूच मागितलं होतंस."

ठकूने नदीला शिव्या घातल्या, भावाला घातल्या, साऱ्या गावाला घातल्या. मग रडत रडत वल्हं त्याच्या हातात दिलं. दुसऱ्याचा हुकूम तिने जन्मात ऐकला नसता, पण शब्द तिचा स्वतःचा होता. त्या दिवशी पुराने काठची झाडं मुळासकट नेली. माणसं मात्र काठावर सुखरूप होती.

ठकू सावरली, तशी तिने हात पुढे केला. भावाने त्याच दिवशी वल्हं परत दिलं. तेव्हापासून त्या गावात वैद्य आला की तीन घोंगड्या पडतात, आणि मधली रोग्याची असते.

तात्पर्य: लादलेलं शहाणपण माणूस शेळीला पाजतो, आपण बसून ठरवलेलं मात्र भर पुरातही पाळतो.